आरोनभाऊंच्या छातीतली तार

१

बरणी जागच्या जागी होती. झाकणही घट्ट लावलेलं. आत तार मात्र नव्हती.

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या त्या खोलीत आम्ही चौघं एका रिकाम्या बरणीकडे बघत उभे होतो. आरोनभाऊंचा मुलगा इलान, डॉक्टर चारुता, पेसमेकर कंपनीचा केतन आणि मी. मी रमा, आरोनभाऊंची शेजारीण. पनवेलमध्ये आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठते. पन्नास वर्षं होत आली, हा घोळ चालूच आहे.

आरोनभाऊ पलंगावर डोळे मिटून पडले होते. अंगात ताप होता.

त्यांच्या छातीत वीसेक वर्षांपासून पेसमेकर होता. दिवाळीनंतर त्यावरची कातडी लाल झाली, मग पू आला. डॉक्टर चारुता म्हणाल्या, डबी काढायची आणि डबीपासून हृदयापर्यंत गेलेली तारही काढायची, नाहीतर जंतू आतच घर करतील. डबी काढणं सोपं. तार मात्र इतक्या वर्षांत शिरेला आणि हृदयाला चिकटून बसलेली. "ओढताना शीर फाटू शकते," त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. "म्हणून छाती उघडणारा सर्जन शेजारी तयार ठेवतो. बहुतेकांचं नीट पार पडतं. थोड्यांचं नाही पडत."

मंगळवारी ते नीट पार पडलं. बाईंनी बाहेर येऊन बरणी दाखवली. आत वेटोळं घालून बसलेली तार, आणि तिला चिकटलेले पांढुरके मांसाचे तुकडे. आरोनभाऊंचं हृदय तूर्त आपापलं चालत होतं, त्यामुळे नवा पेसमेकर जखम भरल्यावर दुसऱ्या बाजूला बसवायचा ठरला. शुक्रवारी केतन तार कंपनीत तपासायला नेणार होता. तोपर्यंत बरणी खोलीतल्या कपाटात राहिली.

गुरुवारी ताप चढला. शुक्रवारी सकाळी हृदयाची इको काढली, तर पडद्यावर हृदयाच्या आत एक धागा हलताना दिसला.

"म्हणजे तार आतच आहे?" इलानने विचारलं.

"तार मी स्वतः काढलीय. तुम्ही पाहिलीत."

"मग आत नाचतंय ते काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दोन शक्यता आहेत. शरीर तारेभोवती स्वतःच्या मांसाची खोळ विणतं. उशी काढली तरी अभ्रा उरावा, तशी कधी कधी ती खोळ आत राहते. आम्ही तिला भूत म्हणतो. तसं असेल तर औषधं द्यायची, लक्ष ठेवायचं. पण तारेचं वरचं रबरी आवरण फाटून आत राहिलं असेल, तर ते परकं आहे. एक्स-रेमध्ये धातू दिसतो, हे दिसत नाही. आणि वर ताप. मग छाती उघडावी लागेल."

"कसं कळणार?"

"तार बघून. आवरण टोकापासून टोकापर्यंत सलग असेल, तर आत काही राहिलेलं नाही. उद्या दुपारी मुंबईचे सर्जन येतायत. ते ठरवतील."

ऐंशीच्या घरातला माणूस, थकलेलं हृदय. छाती उघडली तर आरोनभाऊ परत घरी येतील का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

मी कपाटातली बरणी हातात घेतली. एक थेंब पाणी नव्हतं तिच्यात. कुणीतरी ती धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवली होती.

२

"उघड आहे," बाहेरच्या बाकावर इलान दबक्या आवाजात म्हणाला. "बाईंकडून आवरण फाटलं. ताप आल्यावर त्या घाबरल्या. तार नाहीशी केली, बरणी धुतली. पुरावाच नको."

"मग रिकामी बरणी कशाला ठेवतील? फेकून नसती दिली?"

"मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

मलाच ते कळत नव्हतं. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. मंगळवारचाच, पण हात हललेला. बरणीत तारेचं भेंडोळं आणि मांसाचे ठिपके. टोकं दिसत नव्हती. मी फोटो उलटा धरला, सुलटा धरला. मला तर ती शेवयांची वाटी वाटली.

"आणि मावशी, ममीला यातलं काही कळता कामा नये. ताप नाही, सर्जन नाही, काही नाही. तिचं बीपी माहितीय ना?"

"माहितीय रे. माझ्यासमोर वाढलंय ते."

हेप्झिबा, त्याची आई, माझी हेप्झी. रोज संध्याकाळी तासभर नवऱ्याजवळ येऊन बसायची. गुरुवारी इलानने तिला "आज भेटायला सोडत नाहीत" असं सांगून घरीच ठेवलं होतं. मीही मान डोलावली होती.

मी पुन्हा आत गेले. आरोनभाऊंनी डोळे किलकिले केले.

"रमावहिनी, बोटं ठणकतायत हो."

"कुठली?"

"डावी. नेहमीची."

डाव्या हाताची दोन बोटं त्यांना नाहीतच. तळोज्याला कारखान्यात मशीनमध्ये गेली, त्याला जमाना झाला. पण नसलेली बोटं आजही ठणकतात, विशेषतः थंडीत. म्हणून हेप्झीने लोकरीचा मोजा विणून दिलाय, कोपरापर्यंत. एसीत तर तो हातावरून निघतच नाही.

"पप्पा, बोटं नाहीयेत," इलान दारातून म्हणाला.

"तुला दिसत नाहीत म्हणून नाहीत का?" आरोनभाऊ पुटपुटले आणि परत झोपले.

मी डॉक्टर चारुतांच्या खोलीत गेले. मला त्यांच्या तोंडावरची रेघ बघायची होती. शाळेत तीस वर्षं मुलांच्या तोंडावरच्या रेघा वाचण्यात गेली माझी.

"बाई, रागावू नका. तार तुम्ही नेलीत का?"

त्या रागावल्या नाहीत. तेच मला विचित्र वाटलं. "काकू, ती तार मिळाली तर सगळ्यात जास्त फायदा माझा आहे. आवरण सलग होतं, मी पाहिलंय. पण माझ्या नुसत्या शब्दावर सर्जन थांबणार नाहीत. आणि खरं सांगू? ताप बघून मलाच शंका यायला लागलीय. मी नीट पाहिलं होतं ना?"

खोटं बोलणाऱ्याला स्वतःवर शंका येत नाही, असं मला वाटलं. मग वाटलं, चांगल्या खोटं बोलणाऱ्याला तीही आणता येते. डोक्यात नुसता गुंता झाला.

३

केतन कँटीनमध्ये चहा पीत होता. गळ्यात कंपनीचा पट्टा आणि पायाशी मोठी बॅग.

"आंटी, बसा ना."

"आंटी नको म्हणूस. पनवेलमध्ये काकू म्हणतात."

"सॉरी काकू. मी करंजाड्याचाच आहे."

"मग तर तुला शोभतच नाही."

तो हसला, पण घाईत. मी सरळ विचारलं, तार कंपनीला कशाला हवी असते? तो म्हणाला, इतकी वर्षं आत राहून ती कुठे झिजली ते तपासतात. नवीन तारा त्यावरून सुधारतात.

"आणि झिजलेली निघाली, तर कंपनीची बदनामी?"

"काकू, तुम्ही माझ्यावरच?" त्याने कप ठेवला. "मला तार हवी होती म्हणून तर मी आज आलो. जी मला मिळणारच होती, ती मी कशाला चोरीन?"

हे पटण्यासारखं होतं. पण बोलता बोलता त्याने बॅगेतून रुमाल काढला, तेव्हा एक छोटी पारदर्शक पिशवी टेबलावर घरंगळली. तिच्यात धातूचं काहीतरी चमकलं. त्याने ती झटकन परत टाकली.

"ते काय रे?"

"काही नाही, कंपनीचं. नंबर बघायला लागतो."

"तार किती लांब होती?"

"तुमच्या हाताच्या जवळजवळ तीन वीत."

मी टेबलावर वीत मोजून बघितली. तेवढी तार त्या पिशवीत मावली नसती. तरीपण ती चमक डोळ्यांपुढून जाईना. तो उठला तेव्हा त्याने बॅग हातात धरली नाही. छातीशी धरली.

४

उरला शिवा.

शिवा सुकापूरचा. त्याचं शेत गेलं, त्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि तो रिक्षा चालवायला लागला ती कंटाळा येतो म्हणून. त्याचा बाप आणि आजा ज्यू लोकांच्या कबरस्तानाची राखण करायचे. आता तो करतो. गवत काढतो, कुंपण बघतो. हेप्झीला तो आई म्हणतो. डबा तोच आणायचा, तिला तोच आणायचा-न्यायचा. खोलीत सगळ्यात जास्त ये-जा त्याचीच.

दुपारी तो डबा घेऊन आला. मी त्याला जिन्यात गाठलं.

"शिवा, बरणीतली तार कुठाय?"

त्याचा चेहरा एकदम कोरा झाला. "कंची बरनी?"

"कपाटातली."

"मी नाय बरनीला हात लावला, काकी. देवाशपथ."

"मग घाम का आलाय?"

"तीन मजले चरून आलोय. तुमी लिफ्टनं आल्या, तुमाला काय?" मग त्याने हळूच विचारलं, "आरोनकाका बरा होईल ना? आईनं तर सगला नीट केलाय."

"काय नीट केलंय?"

"डबा! डबा नीट केलाय. बिनतिखटाचा." आणि तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

खिडकीतून मी त्याची रिक्षा पाहिली. मागच्या सीटखालून कुदळीचा दांडा बाहेर आलेला होता, आणि त्याला ताजी लाल माती.

कबरस्तानात कुदळ लागतेच, मी स्वतःला सांगितलं. पण थंडीत गवत वाळलेलं असतं. खणायला काय आहे?

५

संध्याकाळी मी हेप्झीकडे गेले. दिवस मावळायच्या आत ती शुक्रवारचे दिवे लावायच्या तयारीत होती. पांढरा टेबलक्लॉथ, दोन दिवे, वेणीसारखा गुंफलेला पाव. पूर्वी या गल्लीत अशी चार घरं होती, आणि शुक्रवारी तिन्हीसांजेला माझा तुळशीपुढचा दिवा आणि त्यांचे दिवे एकदमच लागायचे. बाकीची तिन्ही घरं इस्राएलला गेली. हेप्झीची मुलगीही तिकडेच. हेप्झी तेवढी राहिली, कारण आरोनभाऊ म्हणाले, पनवेल सोडून मला झोप येणार नाही.

"आज कसे आहेत?" तिने विचारलं.

"छान. खिचडी खाल्ली."

"उद्या तरी भेटायला सोडतील?"

"बघू या."

खोटं बोलताना मी दुसरीकडे बघते, हे तिला पन्नास वर्षं माहीत आहे. म्हणून मी टेबलावर बघत बसले. तिथे एका बशीत सुया, बटणं, दोऱ्याची रिळं असा पसारा होता.

"हे काय? तुझा शिवणाचा डबा कुठे गेला?"

"दिला," ती म्हणाली. "कामाला आला."

तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर गुलाबांचं चित्र. हेप्झी टाचणीसुद्धा फेकत नाही, आणि डबा दिला?

"कुणाला?"

"असू दे गं. दिव्याची वेळ झाली." तिने डोक्यावर ओढणी घेतली. "ते घरी आले की मलिदा करायचाय. पोहे, गूळ, खोबरं. एलियाहू हन्नबीला नवस बोललेय मी. तूच फळं चिरायला ये, तुझ्यासारख्या पातळ चकत्या मला जमत नाहीत."

तिने दिवे लावले आणि डोळ्यांवर हात धरला. ती कशासाठी प्रार्थना करतेय, हे तिला माहीत नव्हतं. आणि मला ते सांगायची बंदी होती.

निघताना मी सवयीने चहाची कपबशी मोरीत ठेवायला गेले. तिने ती माझ्या हातातून घेतली, धुतली, पुसली आणि कोरडी करून कपाटात ठेवली. ओलं भांडं तिला कुठे सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरीसुद्धा.

मी घरी येऊन बसले, आणि डोळ्यांपुढे ती कोरडी बरणी आली.

६

शनिवारी सकाळी मी सगळं पुन्हा एकेक करून मांडलं. आमच्या पिढीला कागद लागत नाही, बोटांची पेरं पुरतात.

चोराने बरणी नेली नाही. फक्त आतलं नेलं. पुरावा नाहीसा करणारा बरणीसकट फेकतो. कंपनीचा माणूस बरणीसकट नेतो, त्याला ती हक्काने मिळणारच होती. या माणसाला बरणी परकी वाटली. म्हणून परत ठेवली, आणि परत ठेवायची तर स्वच्छ ठेवली.

मग शिवाची कुदळ. मग गेलेला डबा.

आणि बोटं.

तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. आरोनभाऊंच्या हाताचा अपघात झाला, त्या संध्याकाळी हेप्झीने तान्ही मुलगी माझ्या मांडीवर दिली. तिची सासू पांढऱ्या साडीत दारातून बाहेर पडली. हातात एक डबा होता, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. मी हेप्झीला विचारलं, त्यात काय? ती म्हणाली, बोटं. शरीराचा तुकडा आमच्यात कचऱ्यात जात नाही, माणसाच्या आधी मातीत जातो. शिवाचा बाप कुदळ घेऊन म्हातारीच्या मागून चालत गेला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि ही गोष्ट मी विसरले कशी?

विसरले, कारण मी तार शोधत होते. हेप्झीला तार दिसलीच नव्हती. तिला तारेला चिकटलेलं मांस दिसलं होतं.

पातळ भिंतीपलीकडे ती भांडी लावत होती. मी उठले आणि तिच्या दारात गेले.

"हेप्झी, आरोनभाऊंची तार तू पुरलीस."

तिने पदर सावरला. "तुला शिवाने सांगितलं?"

"कुणी नाही. बरणी धुतलीस ना?"

"बुधवारी संध्याकाळी. ती झाडूवाली मावशी म्हणाली, हे शेवटी तळोज्याला जाळायला जातं. रमा, वीस वर्षं त्यांच्या काळजात होतं ते. जाळायचं? इलानला सांगितलं असतं तर तो हसला असता, ममी, वायर आहे ती. म्हणून डब्यात घालून आणलं, आणि गुरुवारी सकाळी शिवाबरोबर जाऊन आले. शिवाला म्हटलं, कुणाला बोलू नको." ती थांबली. "का? कुणाला हवी होती?"

मग मी तिला सांगितलं. ताप, धागा, सर्जन, दुपार. सगळं. तिचं बीपी वाढलं की नाही मला माहीत नाही. तिने फक्त चपला घातल्या.

"आज शब्बाथ आहे गं," मी म्हटलं. "खणायचं नसतं ना? गाडीतसुद्धा—"

"जीव वाचवायला शब्बाथ मोडतो. शिवाला फोन लाव." दारात ती वळली. "आणि रमा, तुम्ही सगळे दोन दिवस माझ्याशी खोटं बोललात. मला विचारलं असतंत, तर शुक्रवारी सकाळीच सांगितलं असतं."

सगळ्यांना विचारून झालं होतं. हिचं बीपी जपायचं म्हणून हिला तेवढं वगळलं होतं.

७

कबरस्तान पूर्वी गावाबाहेर होतं. आता चारी बाजूंनी गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे. इलान हॉस्पिटलमधून धावत आला होता. आईला तिथे बघून तो फाटकातच थबकला.

"ममी, तू..."

"नंतर रडू. आधी खण."

"आई, मीच खनतो," शिवा म्हणाला. "त्याला कुदल धरता येत नाय, पायावर मारून घेल. मंग त्येचा पन तुकरा पुरायला लागंल."

बोटं पुरली होती, त्यांच्याशेजारीच पुढे सासूची कबर झाली. तिच्या पायथ्याशी गुलाबांचा डबा निघाला. आत पांढरं फडकं. हेप्झीने ते स्वतः सोडलं.

तार होती. इलानने ती दोन बोटांत धरून सरळ केली. मी वीत लावली. एक वीत, दोन वीत, आणि वर थोडी. पुन्हा मोजली. केतनने सांगितलं होतं, जवळजवळ तीन.

चार बोटं तार कमी होती.

इलानने तार फडक्यावर टाकली. "बाई खोटं बोलल्या. तुकडा आतच आहे."

हेप्झीने माझ्याकडे बघितलं. आम्ही पुरावा शोधून काढला, आणि तोच आरोनभाऊंची छाती उघडायला निघाला होता.

८

रिक्षात मी फडकं मांडीवर घेऊन बसले होते. रडू येऊ नये म्हणून तारेची टोकं बघत राहिले. एका टोकाला बारीक स्क्रू, आणि त्याला मांसाचा ठिपका. दुसरं टोक नुसतं. सरळ.

"शिवा, रिक्षा हळू घे." मी ते टोक डोळ्यांजवळ नेलं. "हेप्झी, हे बघ. फाटलंय की कापलंय?"

आयुष्यभर कपडे शिवणाऱ्या बाईला हे विचारावं लागत नाही. तिने नखाने कड चाचपली. "कापलंय. फाटलं असतं तर दशा निघाल्या असत्या."

"हृदयात कात्री घेऊन कोण गेलं होतं?"

इलान पुढच्या सीटवरून वळला.

"मांस लागलेलं टोक हृदयातलं," मी म्हणाले. "ते शाबूत आहे. कमी आहे ते दुसऱ्या बाजूचं, डबीकडचं. ते बाहेर कुणीतरी कापलंय. आणि ते कुठे आहे, हे बहुतेक मला माहितीय."

केतन रिसेप्शनपाशीच उभा होता, बॅग छातीशी धरून.

"ती छोटी पिशवी काढ," मी म्हटलं.

"काकू, ते कंपनीचं..."

"काढतोस की शिवाला सांगू?"

शिवा नुसता पुढे सरकला. केतनने पिशवी काढली. चार बोटांचा तुकडा, टोकाला चमकणारी पिन, त्यावर बारीक छापलेला नंबर. "ऑपरेशनला मी आत असतो, नोंद करायला नेहमी हाच तुकडा ठेवतो," तो गोंधळून म्हणाला. "आणि काल तुम्ही सगळे तार चोरली, तार चोरली म्हणत होतात. हा दाखवला असता तर मीच चोर ठरलो असतो."

डॉक्टर चारुतांनी दोन्ही टोकं पांढऱ्या कापडावर जुळवली. कापलेली कड कापलेल्या कडेवर अलगद बसली. मग त्यांनी भिंग घेतलं आणि आवरण स्क्रूपासून पिनेपर्यंत इंच इंच तपासलं.

"सलग आहे," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. "आत हलतेय ती नुसती खोळ आहे. छाती उघडायची गरज नाही."

"पण टोक कापलं होतं हे तुम्ही बोलला का नाहीत?" इलानने विचारलं.

"ते प्रत्येक वेळी कापतात. तारेच्या पोटातून ओढायची दांडी घालावी लागते. लांबी कुणी मोजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि कालपासून तुम्ही माझ्याशी बोलत होतात कुठे?"

इलानने खाली बघितलं.

"मग ताप कशाचा?" हेप्झीने विचारलं. ती पलंगाजवळ जाऊन उभी होती.

आरोनभाऊंनी डोळे उघडले, बायकोला बघून त्यांचा चेहरा उजळला. "हेप्झी, आलीस? बोटं फार ठणकतायत गं."

"पप्पा, बोटं..." इलानने सुरुवात केली.

आणि माझ्या डोक्यातली शेवटची गाठ सुटली. हा माणूस पन्नास वर्षं एकच तक्रार करतोय, म्हणून आम्ही ती ऐकणंच सोडून दिलं होतं.

"बाई, ऑपरेशनची सलाईन कुठल्या हाताला होती?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या लोकरीच्या मोज्याकडे. "डाव्या. बुधवारी सुई काढली."

"आणि वर मोजा घातला."

त्यांनी मोजा हळूच खाली सरकवला. मनगटापासून वर जाणारी एक शीर, दोरीसारखी टणक, लालभडक. सुईच्या जागी पू. "आम्ही सगळे हृदयात शोधत होतो," डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या.

दुपारी सर्जन आले. त्यांनी तार बघितली, हात बघितला, चहा घेतला आणि परत गेले. औषध बदललं, हाताचा पू काढला. ताप सोमवारी उतरायला लागला. खोळ अजून आत आहे. दर काही महिन्यांनी इकोवर तिला बघायचं, एवढंच.

मांसाचा एकेक ठिपका डॉक्टर चारुतांनी स्वतः तारेवरून सोडवून हेप्झीच्या फडक्यात ठेवला. तार कंपनीत गेली, मांस पुन्हा मातीत. "मी हप्त्याहप्त्याने जातोय," आरोनभाऊ म्हणाले. "उरलेल्याला आता घाई नाही."

उजव्या बाजूला नवा पेसमेकर बसला आणि आरोनभाऊ घरी आले, तेव्हा हेप्झीने मलिदा केला. फळं मी चिरली. डॉक्टर आल्या, केतन आला, शिवा सुकापूरहून बायकोला घेऊन आला. प्रार्थना झाली, ताट फिरायला लागलं, आणि आरोनभाऊ डावा हात चोळत म्हणाले, "हेप्झी, बोटं ठणकतायत."

घरातले सगळे एकदम उठले. डॉक्टरांनी मनगट धरलं, इलानने मोजा ओढला, शिवाने दिवा जवळ आणला, हेप्झीने चष्मा लावला.

हातावर काही नव्हतं. स्वच्छ होता.

"खरंच नुसती बोटंच ठणकतायत रे," आरोनभाऊ म्हणाले. "बसा, मलिदा खा."

तरी आम्ही आणखी थोडा वेळ तो हात बघत राहिलो.